किंडलवर जर्मन वाचताना शब्द कसा शोधावा

किंडलवर जर्मन पुस्तक उघडलं की सहसा डुडेनची जर्मन-जर्मन डिक्शनरी पुढे येते. नवशिक्याला तिच्यातला अर्थ लागायलाच आणखी चार शब्द शोधावे लागतात. म्हणून सेटिंग्जमधल्या 'लँग्वेज अँड डिक्शनरीज'मध्ये जाऊन आधी जर्मन-इंग्रजी डिक्शनरी निवडा. ती एकदा उतरवली की इंटरनेट लागत नाही.

बाहेरून आणलेल्या फाइलमध्ये कधीकधी जर्मन शब्दाला इंग्रजी डिक्शनरी उघडते आणि अर्थच मिळत नाही. अशा वेळी फाइलमध्ये पुस्तकाची भाषा चुकीची नोंदलेली असते. कॅलिबर या संगणकावरच्या ई-पुस्तकांच्या प्रोग्रॅममध्ये मेटाडेटा, म्हणजे पुस्तकाविषयीची नोंदलेली माहिती, उघडून भाषा 'जर्मन' करा आणि फाइल पुन्हा किंडलवर टाका.

शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थाची चौकट येते. पण बोट ठेवण्याआधी वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचाच. 'डेर उंटररिश्ट फेंग्ट उम आख्ट उअर आन' हे वाक्य घ्या. 'फेंग्ट'वर बोट ठेवलं तर डिक्शनरी 'फांगेन' म्हणजे 'पकडणे' दाखवते, आणि आठ वाजता वर्ग काय पकडतो ते कळेनासं होतं. खरं क्रियापद आहे 'आनफांगेन', सुरू होणे. त्याचा 'आन' तुटून वाक्याच्या टोकाला गेलाय. किंडल एका वेळी एकच शब्द बघतं, त्यामुळे ही जोडणी आपणच करायची. वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या शेवटी आन, आउफ, आउस, आब, आइन, मिट असं काही सुटं दिसलं, तर ते क्रियापदाच्या मूळ रूपाला पुढून जोडा आणि तो शब्द डिक्शनरीत टाइप करून शोधा. डिक्शनरी लायब्ररीत पुस्तकासारखीच उघडते.

लांबलचक जोडशब्दांचंही तेच. 'क्रांकेनफेरजिशेरुंग' (आरोग्यविमा) सापडला नाही तर आधी शेवटचा तुकडा, 'फेरजिशेरुंग' म्हणजे विमा, शोधा. मुख्य अर्थ तिथेच असतो, आणि डेर, डी की डास, म्हणजे शब्दाचं लिंग, तेही त्यावरूनच ठरतं.

वाक्प्रचार असेल तर वाक्याच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत बोट ओढा आणि 'ट्रान्सलेशन' बघा. त्याला वाय-फाय लागतं. तुकडा नको, पूर्ण वाक्य निवडा. अर्धवट तुकड्याचं भाषांतर हमखास फसतं.

किंडल यंत्रावर शोधलेले शब्द 'व्होकॅब्युलरी बिल्डर'मध्ये वाक्यासकट आपोआप साठतात. 'फेंग्ट'ही तिथे जातो, आणि 'पकडणे' हाच अर्थ घेऊन. उजळणीला बसण्याआधी अशा नोंदी काढून टाका आणि 'आनफांगेन' वहीत लिहून घ्या.