शाळा पुन्हा भरवताना : सोलापुरातील मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक समित्यांसाठी

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी यंदा थोडी लवकर लागली, एवढेच बहुतेकांना वाटले होते. त्यानंतर राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून भरवण्यास परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग भरले. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला पुन्हा कुलूप लागले आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेपासून ते निघू लागले. ही सगळी उघडझाप मी शाळेत राहून पाहिली आहे. बंदचा आदेश संध्याकाळी येतो आणि सकाळी अमलात येतो. उघडण्याच्या आदेशाला मात्र आधीच्या तीन-चार आठवड्यांची तयारी लागते, आणि ती नसली की शाळा उघडी असूनही वर्ग अर्धे रिकामे राहतात. पुन्हा अशी साथ येऊन शाळा बंद पडल्या तर ही तयारी कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे मांडले आहे. हवेतून पसरणारा, श्वसनाचा आजार गृहीत धरला आहे. साथ पाण्यातून किंवा डासांमुळे पसरणारी असेल तर उपाय बदलतील, परंतु कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

आधी हजेरीपट घेऊन घरोघरी जावे

बहुतेक शाळा तयारीची सुरुवात सॅनिटायझरच्या खरेदीपासून करतात. माझ्या मते सुरुवात हजेरीपटापासून करावी. प्रत्येक वर्गशिक्षकाने बंद होण्याच्या दिवशीचा हजेरीपट हातात घेऊन प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात : मूल सध्या कोठे राहते, घरात वृद्ध किंवा दीर्घ आजारी माणूस आहे का, मूल काही काम करू लागले आहे का, आणि शाळेत येण्याचे त्याचे वाहन कोणते. ही माहिती फोनवर पूर्ण मिळत नाही. पालकांचे नंबर बदललेले असतात, रिचार्ज संपलेले असतात, आणि काही प्रश्नांची उत्तरे दारात उभे राहिल्यावरच कळतात.

विडी घरकुल भागात अशाच एका फेरीत मी एका घराच्या उंबऱ्यावर बसले होते. आई तेंदूची पाने कात्रीने कापत होती आणि सातवीतली मुलगी मांडीवर सूप घेऊन विड्या वळून दोरा बांधत होती. शाळा सुरू होणार असल्याचे सांगताच आई म्हणाली, “मॅडम, ती आली तर माझ्या हजार विड्या कोण पुऱ्या करणार?” त्या घराला आजाराची भीती नव्हतीच, तिथली अडचण रोजच्या मजुरीची होती. पुस्तके, गणवेश, पोषण आहार आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांविषयी दोनदा बोलणे झाल्यावर, शाळेची वेळ सकाळची ठेवली तर मुलगी येईल, असे ठरले. बंद शाळेने अशी कितीतरी मुले यंत्रमागावर, शिलाईच्या कामावर आणि मुली तर थेट बोहल्यापर्यंत नेल्या आहेत. म्हणून शाळा बंद ठेवणे म्हणजे काहीच धोका न पत्करणे, असे कोणत्याही समितीने मानू नये.

जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात असलेल्या शाळांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि पटावरची मुले आई-वडिलांबरोबर फडावर जातात, तर बाहेरून आलेल्या तोडणी कामगारांची मुले आपल्या गावात येऊन राहतात. शाळा त्याच सुमारास उघडणार असेल तर या दोन्ही याद्या वेगळ्या कराव्यात आणि आलेल्या मुलांना तात्पुरते बसू द्यावे.

सूचना ज्या भाषेत घरात बोलले जाते त्या भाषेत जाव्यात. पूर्व भागात तेलुगू, शहरात सर्वत्र कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत. मराठी परिपत्रकाचा फोटो पाठवून त्या समजल्या असे धरू नये. त्याच शाळेतील पालकांनी आपापल्या भाषेत केलेला दोन मिनिटांचा आवाजी संदेश अधिक ऐकला जातो.

वर्गातली हवा

श्वसनाच्या साथीत शाळा सुरक्षित आहे की नाही, हे सर्वाधिक वर्गातल्या हवेवर ठरते. बोलताना, मोठ्याने वाचताना, पाढे म्हणताना तोंडावाटे निघणारे सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात; सहा फुटांचे अंतर जवळून उडणाऱ्या थेंबांपासून वाचवते, परंतु साचलेल्या हवेपासून वाचवत नाही. तरीही आपल्याकडे बाकांवर औषध फवारण्याचे फोटो निघाले आणि खिडक्या तशाच बंद राहिल्या.

शाळा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एका दुपारी शिपायाला बरोबर घेऊन प्रत्येक खोलीत जावे आणि खिडक्या हाताने उघडून पाहाव्यात. आमच्याकडे अकरापैकी चार खोल्यांतील खिडक्या उघडल्याच नाहीत. दोन गंजून बसल्या होत्या, एकीवर धूळ येते म्हणून पुठ्ठा ठोकला होता, आणि चौथीच्या पुढे जुन्या उत्तरपत्रिकांचे लोखंडी कपाट कित्येक वर्षे उभे होते. त्यानंतर प्रत्येक खोलीच्या मध्यभागी एक अगरबत्ती पेटवून, पंखा बंद ठेवून, धूर कोणीकडे जातो ते पाहावे. धूर एका बाजूने खिडकीबाहेर ओढला जात असेल तर हवा खेळती आहे. तो सरळ वर जाऊन छताखाली पसरत असेल तर त्या खोलीत मुले बसवू नयेत. समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या नाहीत अशा खोल्या कार्यालय किंवा सामानासाठी द्याव्यात आणि तेथील वर्ग व्हरांड्यात आणावा. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो, म्हणून तो खिडक्या उघड्या असतानाच लावावा. एका खिडकीत टेबल फॅन बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवल्यास आतली हवा बाहेर फेकली जाते आणि समोरच्या खिडकीतून ताजी हवा येते.

कार्बन डाय ऑक्साइड मोजणारे लहान यंत्र मिळाले तर हे काम अधिक नेमके होते. मोकळ्या हवेत त्याचा आकडा सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. मुले बसलेल्या वर्गात तो ८०० च्या आत राहिला तर हवा चांगली बदलते आहे असे समजावे, आणि तो १,००० च्या वर जाऊ लागला तर मुलांना बाहेर काढून वर्ग मोकळा करावा. एका केंद्रातील, म्हणजे आसपासच्या, शाळांनी मिळून एक यंत्र घेतले आणि आठवड्याने फिरवले तरी पुरेसे आहे.

सोलापूरला पाऊस कमी आणि आकाश बहुतेक महिने निरभ्र असते, ही या बाबतीत आपली मोठी सोय आहे. सकाळी सात ते साडेनऊपर्यंत कडुनिंबाखाली किंवा इमारतीच्या सावलीत दोन तास सहज घेता येतात. मार्चअखेरीस पारा चाळिशीकडे झुकू लागला की दुपार सत्राचा विचारच करू नये, कारण उन्हाच्या झळा टाळण्यासाठी खिडक्या लावून घेतल्या जातात आणि हवेचे सगळे नियोजन तेथे संपते. एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशा दोन शाळा भरत असतील तर दोन सत्रांमध्ये किमान अर्धा तास ठेवावा. त्या वेळेत दारे-खिडक्या सताड उघड्या असाव्यात.

मास्कच्या बाबतीत थोडक्यात सांगते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती करू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस होती. बारा वर्षांपुढील मुलांनी मोठ्यांप्रमाणे वापरावा. वर्गात सर्वांत जास्त आणि सर्वांत मोठ्याने शिक्षक बोलतात, म्हणून चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क सर्वप्रथम शिक्षकाने लावावा. गणवेश शिवणाऱ्या या शहरात मुलांच्या मापाचे तीन पदरी सुती मास्क शिवून घेणे अवघड नाही. प्रत्येक वर्गात वीसेक जादा ठेवावेत, म्हणजे मास्क विसरलेल्या मुलाला परत पाठवावे लागत नाही.

पाण्याचा हिशेब

उजनी धरण जिल्ह्यात असूनही शहराच्या अनेक भागांत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, ही गोष्ट ‘वारंवार हात धुवा’ असे लिहिणाऱ्या कोणत्याही परिपत्रकात आढळत नाही. म्हणून हिशेब आपण मांडावा. आम्ही दहा लिटरची बादली भरून प्रत्यक्ष मोजले : तोटी सुरू ठेवून वीस सेकंद हात धुतले तर त्या बादलीत जेमतेम सहा मुलांचे हात धुऊन होतात, हात ओले करून तोटी बंद केली, साबण चोळला आणि नंतर पुन्हा सोडली तर वीस मुलांचे होतात. म्हणजे एका वेळेस अर्धा लिटर. तीनशे मुले दिवसातून चार वेळा हात धुणार असतील तर रोज ६०० लिटर आणि पाच दिवसांच्या खंडासाठी ३,००० लिटर केवळ हातांना लागते. पिण्याचे, शौचालयाचे आणि स्वयंपाकाचे पाणी त्याहून वेगळे. हजार लिटरच्या एकाच टाकीवर शाळा उघडली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साबण राहील आणि पाणी संपेल. टाक्या वाढवणे, त्या भरण्याच्या दिवशी पहाटे थांबणारा माणूस नेमणे आणि टँकरची मागणी आधीच नोंदवून ठेवणे ही कामे शाळा उघडण्यापूर्वी व्हावीत. कमी पडल्यास किमान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर वापरावे, मात्र ते मोठ्या माणसाच्या हातून द्यावे.

महिनोन्महिने न वापरलेली टाकी उपसून, घासून, ब्लिचिंग पावडरने धुऊन मगच भरावी. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झालेल्या असतात, आणि एका साथीतून सावरताना मुलांना डेंगीच्या तोंडी देणे कोणालाही परवडणारे नाही.

गट, वाहने आणि जेवण

जुलै २०२१ मधील शासनाच्या सूचनांत एका बाकावर एक विद्यार्थी आणि एका वर्गात १५ ते २० विद्यार्थी असे प्रमाण होते. साठ पटाच्या वर्गाचे यासाठी तीन गट करावे लागतात. गट हजेरी क्रमांकाने पाडण्याऐवजी वस्तीनुसार पाडावेत, कारण एकाच गल्लीत संध्याकाळी एकत्र खेळणारी मुले शाळेत वेगळी बसवून काही साधत नाही. उलट कोणी आजारी पडल्यास दोन-तीन गटांना घरी बसवावे लागते. भावंडांचे दिवस एकच ठेवावेत, म्हणजे मोठी बहीण धाकट्याला घेऊन येऊ शकते.

वर्गात पाळलेले अंतर रिक्षात मोडते. आठ-दहा मुले दाटीवाटीने बसवून येणाऱ्या रिक्षांची यादी करावी, चालकांची स्वतंत्र बैठक घ्यावी, एका रिक्षात एकाच गटाची मुले राहतील आणि बाजूचे पडदे गुंडाळलेले असतील एवढे मान्य करून घ्यावे. फेऱ्या वाढल्यामुळे त्यांचा खर्च वाढतो, तो कोण सोसणार हे पालकांसमोर मोकळेपणाने बोलावे. न बोलल्यास आठवड्याभरात दाटी पूर्ववत होते.

जेवताना मास्क निघतात, म्हणून पोषण आहार उघड्यावर, पाठीला पाठ लावून बसवलेल्या रांगांत, गटागटाने द्यावा. लस उपलब्ध असेल तर शिक्षकांबरोबर स्वयंपाकी, मदतनीस आणि रिक्षाचालक यांचीही नावे पहिल्या यादीत असावीत. कोरोनाच्या वेळी १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ चे १६ मार्च २०२२ पासून सुरू झाले. तोपर्यंत मुलांचे संरक्षण भोवतीच्या मोठ्या माणसांच्या लसीवरच होते.

दिनदर्शिका पाहूनच तारीख निवडावी. संक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्डा यात्रा, पंढरपूरच्या वाऱ्या, लग्नसराई यांनंतर लगेच शाळा सुरू करू नये. मोठ्या गर्दीनंतर दोन आठवडे जाऊ द्यावेत, कारण कोरोनासारख्या आजारात लक्षणे दिसायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात.

पहिले काही आठवडे

वर्ग भरताच अभ्यासक्रम रेटू नये. २०२१ च्या जुलैमध्ये राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम दिला होता, तो मागच्या इयत्तेतले सुटलेले धागे जोडण्यासाठी. तसे काही हाती असो वा नसो, पहिल्या आठवड्यात वाचन आणि साधी गणिते घेऊन प्रत्येक मूल कोठे आहे ते पाहावे. घरातले माणूस गेलेली मुले वर्गात असतात. त्यांची नावे वर्गशिक्षकाला आधी माहीत असावीत, आणि ‘बाबा काय करतात’ असा प्रश्न त्यांना वर्गासमोर कोणी विचारू नये. ज्यांना येणे शक्यच नाही त्यांच्यासाठी शिकवणे सुरू ठेवावे : नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी २०२० मध्ये घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते, आणि स्मार्टफोन नसलेल्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा तो अगदी सरळ मार्ग होता.

फाटकावर तापमान मोजण्याच्या यंत्रावर फार भिस्त ठेवू नये. उन्हातून चालत आलेल्या मुलाचे कपाळ तापलेले असते, आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवू शकते. पालकांनी सकाळी घरी ताप, खोकला, जुलाब पाहणे आणि शंका असल्यास मूल न पाठवणे अधिक उपयोगी आहे. त्यासाठी त्या काळात पूर्ण हजेरीचे बक्षीस आणि गैरहजेरीचा दंड दोन्ही बंद करावेत.

शाळेत मूल आजारी पडले तर त्याला कोठे बसवायचे, कोणी सोबत थांबायचे, पालकांना कोणी फोन करायचा आणि जवळच्या नागरी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणाशी बोलायचे, हे एका कागदावर लिहून कार्यालयात आणि प्रत्येक वर्गाच्या दाराआड लावावे. बसवण्याची जागा उघडी, सावलीची आणि इतर मुलांच्या नजरेआड असावी. आजार निश्चित झाल्यास त्या गटाला आरोग्य विभाग सांगेल तितके दिवस घरी ठेवावे. बाकीचे गट चालू राहावेत. संपूर्ण शाळा कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या निर्णयाने बंद होईल, हे पहिल्याच पालक सभेत सांगितलेले असावे. गटातील पालकांना त्याच दिवशी संदेश द्यावा, परंतु मुलाचे नाव त्यात नसावे. आणि ते मूल बरे होऊन परत येईल त्या सकाळी वर्गशिक्षकाने दारात थांबून त्याला स्वतः त्याच्या बाकापर्यंत न्यावे.