पडद्यावरचा किनारा खरा की लांबून आलेला?

उन्हाळ्यात ओमानच्या आखातात जहाजावर रात्रीच्या वॉचवर (पहाऱ्यावर) होतो. रडारवर 9 मैलांवर अख्खा किनारा उमटला; चार्टवर (सागरी नकाशावर) मात्र तिथे खोल पाणी. तेव्हापासून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ कॅडेटला मी पुढची तपासणी करून दाखवतो.

आधी रडारचं क्षितिज, म्हणजे एरवी त्याला जिथवर दिसतं ते अंतर, काढा. अँटेना आणि लक्ष्य, दोन्हींच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं घ्या, बेरजेला 2.2 ने गुणा. उत्तर सागरी मैलांत. अँटेना 25 मीटरवर, कडा 100 मीटरचा, तर 33 मैल. त्याहून फार लांबचं दिसू लागलं की हवा बघा. जमिनीवरचा गरम, कोरडा वारा समुद्राच्या ओलसर हवेवर पसरला की लहरी त्या थरात कोंडतात आणि पाण्यालगत दूरवर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या 200 मेगाहर्ट्झच्या रडारला हजार मैलांपलीकडचं अरबस्तान दिसलं होतं!

खरी गफलत पुढे होते. सेकंदाला 1000 स्पंद (लहरींचे छोटे झटके) सोडणारं रडार 81 मैलांपलीकडचा प्रतिध्वनी पुढच्या स्पंदाचा समजतं. 90 मैलांवरचा डोंगर 9 मैलांवर दिसतो, सरळ किनारा आपल्याकडे टोक काढून वाकतो. म्हणून स्पंदांचा दर बदलेल अशी रेंज (पडद्यावर किती अंतर दाखवायचं ती मर्यादा) निवडा. खरा ठिपका त्याच अंतरावर राहतो, लांबचा सरकतो किंवा जातो. घाई असली तरी हे टाळू नका.

उबदार पाण्यावर थंड हवा असेल तर उलटं: मच्छीमार होडी फार जवळ येईपर्यंत उमटत नाही. तेव्हा दुर्बीण घ्या आणि बाहेर उभे राहा.