होड्यांच्या कारखान्याला जागा किती लागते? गुंठ्यांत हिशेब

होडीच्या लांबीवरून शेड ठरते. जमीन मात्र ठरते ती आवारात एका वेळी किती होड्या उभ्या राहणार यावर. एक साच्यात, एक इंजिनाची वाट बघत, एक शेवटचा हप्ता न आल्यामुळे अडकलेली, एक उधाणासाठी थांबलेली, अशा चार होड्या सहज जमतात. त्यात कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे प्रत्येकाला होडी १ ऑगस्टच्या आत हवी. नव्या कामाची गर्दी आणि दुरुस्तीला वर ओढलेल्या होड्या एकाच वेळी अंगावर येतात. वर्षाच्या सरासरीवर जमीन घेणाऱ्याची जुलैत पंचाईत होते ती यामुळेच.

पुढचा हिशेब २८ फुटी, ७ फूट रुंद फायबर होडीचा आहे. हर्णैपासून मालवणपर्यंत या मापाच्या आसपासच्या होड्यांना मागणी असते. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदला, पद्धत हीच ठेवा.

१. एका होडीची जागा

साचा होडीपेक्षा मोठा असतो. कडा धरून साधारण २९ × ८ फूट होतो. त्याच्या चारी बाजूंनी बादली आणि रोलर घेऊन माणूस फिरला पाहिजे, म्हणून साच्याची जागा ४० × २० फूट धरा. फिटिंगच्या जागेला ३८ × १६ फूट पुरतात. नुसत्या उभ्या होडीला ३४ × १२.

चूक होते ती उंचीत. साच्याचं स्टँड दीड फूट आणि साच्याची खोली ४ फूट, म्हणजे साच्याची वरची कड साडेपाच फुटांवर येते. होडी त्यातून बाहेर काढायची तर तिचा तळ ६ फुटांवर, काठ १० फुटांवर जातो. वर उचलायच्या पट्ट्यांचे ४ फूट आणि चेनब्लॉकचे, म्हणजे साखळीच्या कप्पीचे, २ फूट. गर्डरची खालची बाजू निदान १६ फुटांवर हवी. घराच्या अंदाजाने १२ फुटी शेड बांधली की पहिलीच होडी साच्यात अडकते. मग एक तर साचा ट्रॉलीवर घालून बाहेर न्यायचा आणि दर वेळी हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, भाड्याने आणायची, नाहीतर साचा मधोमध उघडणारा, दोन भागांचा करायचा. असा साचा उंची वाचवतो, पण दोन्ही अंगांना आणखी चार-पाच फूट मागतो.

२. एकमेकांपासून लांब ठेवायच्या गोष्टी

फायबरची होडी म्हणजे साच्यात काचतंतूंची चादर (मॅट) अंथरून तिच्यात घट्ट होणारा चिकट द्रव (रेझिन) मुरवलेले थर. मॅट कापण्याची आणि साठवण्याची खोली बंद हवी, १५ × १२ फूट. पावसाळ्यात मॅट ओल धरते, रेझिन नीट भिनत नाही, पांढरे डाग राहतात आणि पुढे तिथेच थर सुटतात. रोल जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा.

रेझिनची कोठी १० × १२ फुटांची, सावलीत आणि मुख्य शेडपासून २० फूट लांब. रेझिन घट्ट करणारा हार्डनर आणि ती क्रिया वाढवणारं कोबाल्ट एकाच फडताळावर कधीच ठेवायचे नाहीत. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. म्हणून हार्डनरला वेगळा कप्पा, आणि तो कुलुपाचा.

रेझिनमधल्या स्टायरिनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते. एक्झॉस्ट पंखे छताजवळ लावून उपयोग नाही, जमिनीपासून फूट-दीड फुटावर लावा. वाडीतल्या घरांना लागून शेड घातली तर महिन्याभरात वासाच्या तक्रारी सुरू होतात, आणि त्या खोट्याही नसतात.

ग्राइंडिंगची धूळ ताज्या जेलकोटवर, म्हणजे होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, बसली की तो थर वाया जातो. त्यामुळे घासकामाची जागा वारा साच्यावरून पुढे जातो त्या बाजूला, पडद्याआड. पावसाळी वारा नैऋत्येचा असतो, म्हणून शेडची उघडी बाजू त्या दिशेला नको. वारा आत शिरला की पत्रे खालून उचलले जातात. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत किती छपरं गेली ते आठवून पत्र्याचे हुक आणि पायाचे बोल्ट निवडा.

सुतारकाम आणि हत्यारांसाठी १५ × २० फूट.

३. जागा किती, ते दिवसांवरून काढा

सूत्र सोपं आहे: वर्षातल्या होड्या गुणिले एका होडीला त्या जागेवर लागणारे दिवस, भागिले कामाचे दिवस. समजा वर्षाला १२ होड्या, साच्यात ८ दिवस, फिटिंगला २० दिवस. साचा ९६ दिवस अडतो, फिटिंगची जागा २४० दिवस. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर कागदावर दोन्ही एकेक पुरतात. पण यातल्या बहुतेक होड्या फेब्रुवारी ते जुलैत हव्या असतात. म्हणून साच्याची जागा एक, फिटिंगच्या दोन, शिवाय तीन होड्या नुसत्या उभ्या राहतील एवढं मोकळं आवार धरा.

४. बेरीज

साचा ८००, फिटिंग १२१६, मॅट १८०, कोठी १२०, सुतारकाम ३००. छपराखाली झाले २६१६ चौरस फूट. उघड्यावर तीन होड्यांना १२२४, जादा साच्यांना ५००, ट्रक वळवायला ५० × ५० म्हणजे २५००. कार्यालय आणि संडासाला २००. एकूण ७०४०. त्यावर कुंपण, गटार आणि वाटांसाठी २० टक्के घाला, ८४४८ होतात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे पावणेआठ गुंठे. आठ घ्या.

ट्रकच्या जागेत काटकसर करायचा मोह होतो. ती करू नका. तीच जागा जून-जुलैत दुरुस्तीच्या होड्यांना कामी येते.

एकट्यादुकट्याने १८ फुटी होड्या करायच्या असतील तर दोन गुंठ्यांत भागतं.

५. लाकडी बोट असेल तर

६० फूट लांब, १८ फूट रुंद ट्रॉलरला परांचीसह ८० × ३८ फूट लागतात. दोन बोटी एका वेळी, म्हणजे ६०८० चौरस फूट. पठाण, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, एकदा मांडलं की बोट पाण्यात जाईपर्यंत जागेवरून हलत नाही. म्हणून मांडण्याआधीच नाळेचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, तोंड कुठे आणि बोट कुठून उतरणार, हे ठरलेलं हवं.

लाकडाच्या थप्पीला १५०० चौरस फूट, सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून. साग, उंडी, किंजळ, ऐन, काहीही असो, इंचाच्या जाडीला साधारण वर्षभर सुकवणं हा जुना हिशेब आहे. ओल्या फळ्या चढवल्या की एप्रिलच्या उन्हात आक्रसतात आणि फटींत ठासलेला कापूस सैल होतो. फासळ्यांचं वाकडं लाकूड तर थप्पीत बसतच नाही, ते दुप्पट जागा खातं.

करवतीला यंत्राएवढीच जागा ठेवणं ही नेहमीची चूक. २२ फुटी फळी कापायची तर करवतीच्या पुढे २२ आणि मागे २२ फूट मोकळे हवेत, म्हणून ५० × १५. क्रेन आणि ट्रकसाठी ३६०० धरले की एकूण ११,९३०, आणि २० टक्के घालून सुमारे तेरा गुंठे.

६. पाण्यापर्यंतची वाट

रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी नियमाने २.६ मीटर. सात फुटी होडी ट्रकवरून जाते. १८ फुटी ट्रॉलर जात नाही, तो खाडीकाठीच बांधावा लागतो. त्यामुळे ३० फुटांपर्यंतच्या फायबर होड्यांसाठी खाडीकाठची महाग जमीन घेण्यापेक्षा दोन-तीन किलोमीटर आत सड्यावरची जमीन बरी. कातळावर शेडचा पाया पक्का बसतो आणि उधाणाचं पाणी येत नाही. फक्त वाटेतले गडगे, वळणं आणि विजेच्या तारा आधी मोजून घ्या.

मोठ्या बोटीला पाण्यात उतरवायचा उतार १:१५ ठेवा, म्हणजे १५ मीटर लांबीला १ मीटर खाली. रिकाम्या ट्रॉलरला दीड मीटर पाणी आणि ती ज्यावर बसवून उतरवतात त्या पाळण्याला अर्धा मीटर, म्हणजे भरतीच्या रेषेखाली ३० मीटर उतार हवा. मुंबई-उरणकडे उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवण-वेंगुर्ल्याकडे ते बरंच कमी चढतं. त्यामुळे मुंबईकडचा उतार बघून मालवणकडे तोच बांधता येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस हुकले, भांग लागला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीचे दिवस आले, की बोट पंधरा दिवस जागा अडवून बसते. हेही तिसऱ्या पायरीतल्या दिवसांत धरा.

७. बयाणा देण्याआधी

सात-बारावर क्षेत्र दिसतं, वापरता येणारं क्षेत्र दिसत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशावर भरतीची रेषा कुठे आहे ते पाहा. स्थानिक मच्छीमारांच्या पारंपरिक बोटबांधणीला या नियमांत वाव आहे, पण पक्क्या शेडचा फायबर कारखाना त्यात आपोआप बसतो असं समजू नका. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारा. कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा हिशेबातून सरळ वजा करा. खाडीला लागून ४० मीटर खोल असलेला प्लॉट काठावर कांदळवन असेल तर कामाचा उरतच नाही. जमिनीच्या अकृषिक वापराची पूर्तता आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती ही कामं वेगळी.

मग जमिनीवर फक्कीने वरची सगळी मापं आखा. भाड्याचा ट्रक बोलावून तो रस्त्यावरून आत येतो का, मागे घेऊन साच्याच्या जागेला लागतो का, आणि वळून बाहेर पडतो का ते बघा. दोनदा पुढे-मागे करावं लागलं तरी चालेल, पण शेजाऱ्याच्या हद्दीत चाक गेलं तर प्लॉट लहान आहे.