फूट अँड अँकलची रेसिडेन्सी: पेशंटला आधी उभं करा

ओपीडीत पेशंट आला की आधी त्याची चप्पल हातात घ्या, तळ कुठल्या बाजूनं झिजलाय ते बघा. मग दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून त्याला उभं करा आणि स्वतः मागे खाली बसा, नजर टाचांच्या पातळीला. टाच बाहेर कललीय का? मागून बघताना एका पायाची बोटं बाहेरच्या बाजूला जास्त दिसतायत का? आता एकाच पायावर टाच उचलायला सांगा. टाच उचलताना आत वळायला हवी. वळत नसेल किंवा उचलताच येत नसेल, तर टिबियालिस पोस्टिरियर (पायाची कमान उचलून धरणारा स्नायू) तपासा. एमआरआयची चिठ्ठी त्यानंतर.

ही सवय मला एका चुकीनं लावली. पहिल्या वर्षी रात्री पायरीवरून पाय मुरगळलेली एक बाई आली. झोपवून काढलेला एक्स-रे मला नॉर्मल वाटला, क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. तळव्यावरचं काळंनिळं मी पाहिलं होतं, केसपेपरवर लिहिलंही होतं. दहा दिवसांनी सीनियरनी तिला उभं करून दोन्ही पायांचा एक्स-रे काढला, तर पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमध्ये (बोटांमागची लांब हाडं) फट. लिस्फ्रँक, म्हणजे पायाच्या मधल्या सांध्यांची इजा. तिचे ते दहा दिवस अजून मनातून जात नाहीत. म्हणून सांगते, तळवा काळानिळा दिसला की लिस्फ्रँक नाही हे सिद्ध होईपर्यंत आहेच असं धरा. समोरून काढलेल्या फिल्मवर दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या (मेटाटार्सलच्या मागचं छोटं हाड) आतल्या कडेशी एका रेषेत हवी. दुखण्यामुळे उभं राहता येत नसेल तर स्लॅब (अर्धं प्लास्टर) द्या, सीटी करा, पुन्हा बोलवा.

घोटा निखळून कातडी ताणून पांढरी पडली असेल तर एक्स-रेसाठी थांबू नका. पल्स आणि संवेदना बघा, घोटा बसवा, स्लॅब लावा, पुन्हा पल्स बघा. मग पाय उंच ठेवा. ऑपरेशनची तारीख सूज ठरवते: रोज राउंडला कातडीवर सुरकुत्या दिसतात का ते बोटानं तपासा; दिसल्या म्हणजे सूज उतरली. पायलॉन (नडगीच्या हाडाचं घोट्यातलं टोक फुटणं) असेल तर आधी एक्स्टर्नल फिक्सेटर (हाडात पिना घालून बाहेरून बसवलेला सांगाडा), सीटी त्यानंतरच. लांबी मिळाल्यावर तुकडे नीट समजतात.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) फिब्युला (घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड) उघडताना छेदाच्या वरच्या टोकाला सुपरफिशियल पेरोनियल नर्व्ह (पावलाच्या वरच्या कातडीला संवेदना देणारी नस) आडवी येते. चामडी कापली की चाकू ठेवा आणि कात्रीची टोकं उघडत पुढे जा. प्लेट बसल्यावर लगेच टाके घालू नका. सी-आर्मखाली (ओटीतलं एक्स-रे मशीन) हुकनं फिब्युला ओढून सिंडेस्मोसिस (नडगीचं हाड आणि फिब्युला यांना घोट्यावर बांधणारा जोड) तपासा. टॅलस (घोट्याच्या सांध्यातलं खालचं हाड) 1 मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांध्याचा संपर्क 42 टक्क्यांनी घटतो, हे रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी 1976 मध्ये दाखवलं.

पहिलं ड्रेसिंग इंटर्नवर सोपवू नका. जखमेच्या कडा स्वतः बघा.