सोयाबीन पुरेसे शिजले का, हे हळद आणि युरियाने कसे ओळखावे

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या भावाची चर्चा वर्षभर चालते. मात्र घरचे सोयाबीन कच्चेच भरडून घातल्यावर कोंबडीची पिल्ले का खुंटतात, याकडे फारसे कोणी पाहत नाही. दोष दाण्यातच असतो.

स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे एन्झाइम, म्हणजे विकर, प्रथिनांची साखळी लायसिन किंवा आर्जिनिन या दुव्यांपाशी तोडते. तो दुवा विकराच्या खाचेत बसतो, साखळी तुटते आणि खाच पुढच्या साखळीसाठी मोकळी होते. जीवरसायनशास्त्रज्ञ कुनिट्झ यांनी 1945 मध्ये सोयाबीनमधून वेगळे केलेले अवरोधक प्रथिन आपले आर्जिनिन त्याच खाचेत घालते, पण सहजासहजी बाहेर निघत नाही; कुलपात किल्ली मोडून अडकावी तशी गत होते. अन्नातले प्रथिन पचायचे राहते, आणि स्वादुपिंड आणखी ट्रिप्सिन करता करता पिल्लांमध्ये आकारानेही वाढते.

उष्णतेने या अवरोधकाची घडी मोडते. त्यासाठी सोयाबीन रात्रभर भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात अर्धा तास उकळावे. कोरडे भाजण्यापेक्षा ओली उष्णता अधिक खात्रीची.

अवरोधक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून साक्षीदार शोधावा लागतो. सोयाबीनमध्ये युरिएझ नावाचे दुसरे विकर असते. ते युरियाचे विघटन करून अमोनिया सोडते, आणि उष्णतेने ते साधारण अवरोधकाबरोबरच निकामी होते. पशुखाद्याच्या कारखान्यांतली तपासणी याच तत्त्वावर चालते.

तीन पेल्यांत अर्धा-अर्धा कप कोमट पाणी आणि चिमूटभर हळद घालावी. वसमतची असल्यास रंग गडद दिसेल. पहिल्या दोन पेल्यांत लहान चमचाभर युरिया विरघळवावा. पहिल्यात कच्च्या सोयाबीनचे पीठ, दुसऱ्यात शिजवून वाटलेले सोयाबीन आणि तिसऱ्यात युरियाविना कच्चे पीठ घालून तिन्ही पेले झाकून ठेवावेत. आपल्याकडचे बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, त्यामुळे रंग पाण्याने बदलला की विकराने, हे तिसऱ्या पेल्यावरून कळते. तो वगळू नये. अमोनिया अल्कधर्मी असतो आणि अल्कात हळद तांबूस होते, म्हणून अर्ध्या-एक तासात पहिला पेला तांबूस होऊन त्याला गोठ्यातल्यासारखा उग्र वास येतो. दुसरा पिवळाच राहिला, तर शिजवणे पुरेसे झाले. तांबूस झाला, तर पुन्हा उकळावे.

दाणे गरजेपेक्षा जास्त तापले का, हे मात्र या तपासणीतून कळत नाही, आणि अति उष्णतेने लायसिन वाया जाते. तपासलेले मिश्रण जनावरांच्या तोंडी लागू न देता झाडाच्या आळ्यात भरपूर पाण्यासह ओतावे.