चातुर्मासात घोडी लंगडली, तर आधी दुखरी जागा शोधा, मग एक्स-रे काढा

आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत वराती बंद असतात. मुंबई-ठाण्याच्या पागांमधल्या वरातीच्या घोड्या या दिवसांत नुसत्या उभ्या. काम नाही म्हणून पायांकडे कुणी बघत नाही, आणि पायांना सगळ्यात वाईट काळ नेमका हाच. ओल्या शेणमुतात उभे राहून खूर मऊ पडतात, तळव्यात खडा रुततो, आत पू धरतो. खुराक मात्र हंगामातलाच चालू राहतो. बसून असलेल्या घोडीला हरभरा आणि भरडा तसाच घातला, तर खुराच्या आतल्या नाजूक थराला सूज येते आणि घोडी पुढचे पाय पुढे ताणून, टाचांवर भार टाकून उभी राहते. त्यामुळे काम थांबले की पहिल्या आठवड्यातच दाणा कमी करा आणि सुके गवत वाढवा. खुराखाली रोज कोरडा भुसा हवाच.

घोडी लंगडते आहे असे वाटले, तर पाऊस उघडल्यावर सपाट, कडक जागेवर तिला सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवा. मोतद्दाराने दोर सैल धरावा, मान आवळून धरली तर काही कळत नाही. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर उचलली जाते, चांगला पाय टेकला की मान खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे कमरेमागचा भाग, जास्त वरखाली होतो. समोरून, मागून आणि बाजूने मोबाइलवर चित्रण करून ठेवा. डॉक्टर येईपर्यंत चाल बदललेली असते, तेव्हा हेच चित्रण कामी येते.

पुढचे पाय शरीराचे साधारण 60 टक्के वजन पेलतात. म्हणून लंगडणे बहुधा पुढच्या पायाचे असते, आणि त्यातही बहुधा खुरातले. खुराच्या वर, गाठीच्या (खुरावरच्या गोल सांध्याच्या) मागे दोन्ही बाजूंना बोटे ठेवा. निरोगी पायात तिथली नाडी जेमतेम लागते. आत पू असेल तर ती ठणठण उडते आणि खूर गरम लागतो. काल नीट चालणारी घोडी आज पाय टेकवतच नाही, असे पावसाळ्यात झाले तर पहिला संशय पुवाचा. पण हाड मोडल्यावरही असेच होते, म्हणून अंदाजावर थांबू नका.

डॉक्टर येण्याआधी दोन गोष्टी करू नका. दुखणे दाबणारे इंजेक्शन देऊ नका, कारण मग लंगडणेच दिसत नाही आणि दुखऱ्या पायावर घोडी नाचते. आणि बिब्बा लावू नका, डागणी देऊ नका. कातडीवर फोड आले की त्या जागी सोनोग्राफी करता येत नाही, आणि मूळ सूज कोणती व बिब्ब्याची कोणती हेही कळेनासे होते.

पुष्कळ मालक थेट म्हणतात, ‘साहेब, पायाचा फोटो काढा,’ म्हणजे एक्स-रे. पण कुठला फोटो? पायात खुरापासून खांद्यापर्यंत दुखू शकणाऱ्या जागा कितीतरी आहेत. जाणता डॉक्टर आधी चिमट्याने खूर दाबून पाहतो. तिथे सापडले नाही तर खालून वर एकेक भाग सुन्न करत जातो. ज्या भागाला सुन्न केल्यावर घोडी सरळ चालली, तिथे दुखणे, आणि फोटो त्याच जागेचा. मात्र हाडाला तडा गेल्याचा संशय असेल तर सुन्न करायचे नाही. दुखेनासे झाले की घोडी पूर्ण भार टाकते आणि तड्याचे दोन तुकडे होतात.

एक्स-रे हाडासाठी. खुराचा काढायचा तर नालबंदाला आधी बोलावून नाल काढून घ्या आणि तळवा खरवडून साफ करा, चिखलाचीही सावली पडते. दोन्ही पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवून दोन्हींचे फोटो घ्यावेत, म्हणजे तुलना होते. फोटोवर डावा-उजवा आणि तारीख आहे ना, पाहून घ्या. बारीक तडा पहिल्या दिवशी अनेकदा दिसत नाही. फोटो स्वच्छ आला आणि घोडी तरी लंगडतेच आहे, तर तिला पागेतच ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो काढा. एक्स-रेची प्लेट हाताने धरू नये, लांब दांड्याची पकड वापरावी. जवळ थांबणाऱ्याच्या अंगावर शिशाचा एप्रन हवा. पोरे आणि गरोदर बाई आसपास नकोत.

गणपतीनंतर मांडव उतरतात तेव्हा रस्त्यावर खिळे पडलेले असतात, म्हणून खिळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. तळव्यात खिळा दिसला की लगेच ओढून काढावासा वाटतो. शक्य असेल तर काढू नका. खुराच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे चिकटपट्टीने बांधा, म्हणजे भार खिळ्यावर येणार नाही, आणि खिळा आत असतानाच समोरून व बाजूने एक्स-रे काढून घ्या. तो किती खोल आणि कोणत्या दिशेला गेला, हे तेव्हाच नक्की कळते. तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागातून आत गेलेला खिळा सांध्यापर्यंत पोचू शकतो. तसे झाले असेल तर काम तासांवर येते, उद्यावर ढकलता येत नाही. पावलागणिक खिळा आणखी आत जात असेल, तर काढावाच लागतो. मग भोकावर पेनाने खूण करा, मोबाइलवर फोटो घ्या, खिळा जपून ठेवा. धनुर्वाताच्या लशीची तारीख डॉक्टरांना सांगा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

गुडघ्याखाली घोड्याच्या पायात मांस नाही, नळीच्या हाडामागून कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) नुसत्या कातडीखालून जातात. ती जागा फुगली आणि गरम लागली तर एक्स-रे नव्हे, सोनोग्राफी हवी. ती दुखापतीनंतर साधारण आठवड्याने करावी, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत इजा खरी असते त्याहून लहान दिसते. आडव्या छेदात फाटलेला भाग काळा ठिपका होऊन दिसतो.

टाच दुखते, एक्स-रे स्वच्छ आहे आणि सोनोग्राफी तिथे पोचत नाही, अशा वेळी डॉक्टर एमआरआयचे नाव काढतील. माणसाच्या यंत्रात उभी घोडी मावत नाही, तिच्यासाठी वेगळे यंत्र लागते. बाकीच्या तपासण्या नीट झाल्याशिवाय त्याच्या मागे लागू नका.

परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 पासूनचे. मोठ्या जनावराची तपासणी कधी होते, हे आधी फोनवर विचारून मगच घोडी हलवा. जागेवर येणारे हलके एक्स-रे यंत्र मिळत असेल तर ते उत्तम. टेम्पोतून न्यावीच लागली आणि पुढचा पाय दुखत असेल, तर तोंड मागच्या दाराकडे करून उभी करा, म्हणजे ब्रेकचा भार मागच्या पायांवर जातो. हाड मोडल्याचा संशय असेल तर डॉक्टरांकडून पाय बांधून घेतल्याशिवाय चढवू नका.

कंडरा फाटलेली घोडी दोन महिन्यांत सरळ चालू लागते आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींची बोलणी सुरू होतात. ती बरी झालेली नसते, कंडरेला भरून यायला 9 ते 12 महिने लागतात. बुकिंग घेण्याआधी पुन्हा सोनोग्राफी करा. काळा ठिपका अजून दिसत असेल तर त्या तारखांना दुसरी घोडी पाठवा आणि हिला रोज मोजून हळू चालवत ठेवा, पुढची सोनोग्राफी दोन-तीन महिन्यांनी.