हळदीच्या पुडीवरचे नाव जपताना

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (मालाच्या नावाला त्याच्या प्रदेशाशी जोडणारी सरकारी नोंद) मिळाले असले, तरी ते नाव साऱ्या परिसराचे आहे; आपल्या पुडीची पत आपल्यालाच कमवावी लागते. त्यासाठी स्वतःचे नाव व चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवावे. ही नोंदणी १० वर्षे टिकते आणि तिचे नूतनीकरण करता येते.

खरी कसोटी मात्र दळणाची. सौद्यात (लिलावात) घेतलेल्या राजापुरी जातीच्या हळदीचा रंग दर लॉटला थोडा बदलतोच, म्हणून प्रत्येक दळणातली मूठभर पूड तारीख आणि लॉट क्रमांक लिहून झाकणबंद बरणीत, उजेडापासून दूर ठेवावी. ‘या वेळी रंग फिका आहे’ असा गिऱ्हाइकाचा फोन आला, की वाद न घालता परत आलेली पुडी त्या बरणीतल्या नमुन्याशी ताडून पाहावी आणि चूक आपली निघाल्यास दुकानांत उरलेला तो सगळा लॉट परत मागवावा. (हे जिवावर येते, हे मान्य.) रंग उठावदार करण्यासाठी काहीबाही मिसळण्याचा सल्ला देणारे भेटतातच, त्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

पुराचे पाणी गोदामात शिरलेच, तर भिजलेला माल सवलतीत काढू नये आणि पुरवठा कधी सुरू होईल, हे दुकानदारांना स्वतःहून कळवावे.